शेवाळ मोजणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका अचूक माणूस देवाने दुसरा घडवला नसावा, आणि त्यात देवाचा शहाणपणाच आहे. असे दोघे झाले असते तर किन्हवलीचा बाजार कधीच उठला असता. मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. नोकरी संपली, निरीक्षण संपलं नाही. ते बाजारात शिरले की भाजीवाल्या बायका घाबरून एक वांगं जास्तीचं टाकतात आणि मामा ते काढून परत देतात, कारण जास्त देणं हीसुद्धा त्यांच्या हिशेबी चूकच. 'थोडं', 'जरा', 'बरंच' हे शब्द त्यांच्या घरात चालत नाहीत. लग्न ठरवायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामींनी चहात साखर किती घालू म्हणून विचारलं. मी सवयीने "बेताची" म्हणालो. मामांनी हातातला पेपर खाली केला आणि माझ्याकडे असं पाहिलं की हे स्थळ हातचं गेलंच, असं मला वाटलं.

एका होळीला त्यांनी मामींची पुरणपोळी केसाएवढी जाडी मोजणाऱ्या व्हर्नियरच्या जबड्यात धरली आणि डावी कड जाड असल्याचं जाहीर केलं. मामींनी लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि त्या शेजारी गप्पा मारायला निघून गेल्या. त्या होळीला आम्ही सगळ्यांनी मामांनी लाटलेल्या पोळ्या खाल्ल्या. सगळीकडून सारख्या जाड होत्या, हे मला मान्य करावंच लागेल. चवीबद्दल अजून घरात कोणी बोलत नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर बाग करावी, भजनाला जावं. पण मामांच्या हाती कुठलासा जुना दिवाळी अंक लागला. त्यात लिहिलं होतं की समुद्रात एक गुलाबी शेवाळ असतं, ते पाण्यातला चुना धरून दगड होतं, त्या दगडावर पुन्हा शेवाळ, पुन्हा दगड, असं करत लाटा अडवणारा बांध उभा करतं. आणि ते वर्षाला किती वाढलं हे मोजायला माणसं समुद्रात उतरतात. ही वाढ नखाच्या जाडीहूनही कमी भरते, हे वाचून मामांचा चेहरा उजळला. आयुष्य किलो आणि लिटर तपासण्यात फुकट गेलं असं त्या दिवशी त्यांना वाटलं असावं.

समुद्र आम्हाला लांब, आणि ओहोटीच्या वेळा एसटीच्या वेळांशी जुळेनात. तेव्हा मामांनी जवळपास शोध घेतला. वैशाखरे गावाच्या वर डोंगरात एक पाडा आहे. तिथल्या झऱ्याचं पाणी इतकं चुन्याचं की बायकांच्या हंड्यांना आतून पांढरा थर धरतो. झऱ्याच्या ओठावर, जिथून पाणी खाली पडतं, तिथे हिरवं शेवाळ आणि त्याखाली त्याचंच झालेलं खरखरीत कवच. मामा ते पाहून जागीच बसले. समुद्रातल्या त्या श्रीमंत शेवाळाचा हा डोंगरातला गरीब नातलग होता.

त्यांनी खडकात एक पितळी खिळा ठोकला. खिळ्याच्या डोक्यापासून कवचापर्यंतचं अंतर दर वर्षी मोजायचं. अंतर घटलं म्हणजे कवच वाढलं, इतकी साधी युक्ती. मुरबाडच्या एका प्राध्यापकांनी मात्र हसून सांगितलं की ते कवच जुनं, मेलेलं आहे, आता वाढायचं नाही. मामांना ते फार लागलं. आपल्या हयातीत एकदा तरी ती वाढ मोजून दाखवायची, हा त्यांनी ध्यास घेतला.

मग दर वर्षी संक्रांत झाली की आमची स्वारी निघे. मी हमाल. गंमत म्हणजे नोकरीत ज्यांनी जन्मभर न कळवता धाडी घातल्या, ते मामा झऱ्यावर जाताना मात्र वैशाखऱ्याच्या चहावाल्याला आधी फोन करून पाड्यावर निरोप धाडायचे. कुणाच्या घरी न सांगता जाऊ नये म्हणायचे. वर पोचले की शर्ट काढून खडकावर पालथे पडायचे, श्वास रोखायचे आणि व्हर्नियर लावायचे. पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन लांब उभ्या राहायच्या. त्यांच्यातली थोरली हिरूबाई तोंडाला पदर लावून मामांच्या पाठीकडे टक लावून बघायची. कोणी काही विचारत नसे, मामा काही सांगत नसत.

आणि वाढ काही मिळत नसे. अंतर तेवढंच, एखाद्या वर्षी उलट थोडं जास्तच. शेवाळही दिसत नसे, म्हणून मामांनी ते खाणाऱ्या खेकड्यांवर संशय घेतला. व्हर्नियर तपासून आणला. मोतीबिंदू काढून घेतला, तो पेपर वाचता यावा म्हणून नव्हे. एका वर्षी मी शिंकलो म्हणून माप हुकलं असं सासरी सर्वांना सांगितलं. खिळा तेवढा दर वर्षी नवाकोरा चमकत असायचा, त्याचं श्रेय ते पाण्याच्या गुणाला द्यायचे.

यंदा मामांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी डोंगर कायमचा बंद केला आणि ऑपरेशनचा दिवस दिला. मामांनी त्याआधी एक शेवटची फेरी ठरवली, चहावाल्याला फोनही केला. पण दवाखान्याने बोलावणं अलीकडे आणलं, म्हणून आम्ही कळवलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच निघालो. बसत, उठत, माझ्या खांद्याचा भुगा करत मामा वर चढले.

झऱ्यावर सगळा पाडा जमला होता. बायका नारळाच्या शेंड्या आणि राख घेऊन तो खडक घासत होत्या. हिरूबाई जुन्या विळ्याने कवच खरवडत होती आणि तिची सून चिंच लावून खिळा चकचकीत करत होती.

आम्हाला बघून हिरूबाई विळा लपवायला लागली.

"सायेब, तुमी उद्या येनार व्हते ना," ती म्हणाली. "आमी दरसाल तुमी यायच्या आदी घासून ठेवतो. एक साल पन शेवाळ ऱ्हाऊ दिला नाय. तुमी घान मोजून वर कळवलं, आन् आमचा पानी बंद केला, तर आमी जावं कुठं?"

मी मामांकडे बघायची हिंमत केली नाही. माझ्या शिंकेवर घेतलेल्या आळाबद्दल त्यांनी माफी मागावी एवढं सुचवायचा मोह झाला होता, तो आवरला. मामा खडकाच्या कडेला टेकले. मग त्यांनी सांगितलं की पाणी चांगलं आहे, ते कोणी बंद करत नाही, आणि ते शेवाळ बघायला येतात कारण त्यांना ते आवडतं. शेवटच्या कारणावर बायकांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

एकाएकी मामांचं लक्ष हिरूबाईच्या पायाशी गेलं. तिथे पळसाच्या पानावर खरवडलेल्या खपल्या पडल्या होत्या.

"हे सगळं यंदाचं?" मामांनी विचारलं.

"व्हय. गेल्या साली तं पार दगुड लागेस्तवर काडला व्हता."

मामांनी एक खपली उचलून व्हर्नियरमध्ये धरली. वरून हिरवी, खालून दगड. त्यांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, मग मला वाचायला लावला. "वाढतंय, जावईबापू," ते म्हणाले, आणि भर पाड्यासमोर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हिरूबाईने घाबरून त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

खाली फाट्यावर एसटीची वाट बघताना मी त्यांना छेडलं. म्हटलं, निदान खिळ्याभोवतीची तळहाताएवढी जागा घासू नका, एवढं तरी सांगायचं होतं. कवच किती उंच होतं ते कळलं असतं.

"सांगितलं असतं तर त्यांनी जन्मभर जपली असती," मामा गुडघा चोळत म्हणाले. "हंडा घेऊन येता-जाता तिथे कोणाचा पाय पडू दिला नसता. दर संक्रांतीला फाट्याकडे बघत बसल्या असत्या, सायेब मोजायला येईल म्हणून. आणि मी येणार नव्हतो."