दोनशे पेशी आणि एक बंद दार

दाताच्या डॉक्टरांनी यांची दाढ काढण्याआधी रक्त तपासायला लावलं, म्हणून कळलं. नाहीतर आम्ही आणखी महिनाभर सुजलेल्या हिरड्यांना लवंग लावत बसलो असतो.

रिपोर्टवर पांढऱ्या पेशी अठ्ठ्याण्णव हजार होत्या. एरवी त्या चार ते अकरा हजार असतात. लॅबवाल्याला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून त्याने पुन्हा रक्त घेतलं. मग स्मिअर केला, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सोलापुरातल्या रक्तविकाराच्या डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "यात ब्लास्ट दिसतायत. ब्लास्ट म्हणजे कच्च्या पेशी. संख्या भरपूर, पण जंतूंशी लढायला एकही उपयोगाची नाही. हा अक्यूट ल्युकेमिया आहे, रक्ताचा कॅन्सर."

यांनी विचारलं, "मग दाढ काढायची का न्हाय?"

आम्ही कुंभारीला राहतो. मी शाळेचे गणवेश शिवते, हे टेम्पो चालवायचे. दोन महिने यांना एक जिना चढला की धाप लागत होती, मांडीवर निळे डाग उठत होते, संध्याकाळी अंग कणकणत होतं. मी यांना आळशी म्हणत होते. अजून त्याचा स्वतःवरच राग येतो.

यांना सोलापुरातच दवाखान्यात भरती केलं, सात दिवस केमोथेरपी चालली. ते औषध वाईट पेशी मारतं आणि चांगल्याही मारतं. पांढऱ्या पेशी उतरत उतरत दोनशेवर आल्या. डॉक्टर म्हणाले, "याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. लढणाऱ्या पेशीच संपल्यात. नव्या तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतील. तोवर साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतेल. भेटायला कुणाला आत सोडू नका."

डॉक्टरांना आमची भावकी कुठं माहीत! आमच्याकडे आजारी माणसाला भेटून आलं नाही तर जन्मभर बोल लागतो. यांच्या गावाहून, केमहून, रोज सकाळच्या गाडीने कुणी ना कुणी यायचं. शेंगाचटणी, बोरं, देवाचा अंगारा, सगळं घेऊन. न शिजवलेलं फळ चालत नाही, अंगारा तोंडात घालायचा नाही, हे सांगून माझा घसा बसला. मी यांच्या खोलीच्या दारात उभी राहायची. चुलत दीर म्हणाले, "आमी काय परकं हाय का? तुलाच तेवडी काळजी हाय व्हय त्याची?" आणि चहा न घेता निघून गेले. एरवी मी दोन शब्द ऐकवले असते. तेव्हा फक्त कडी धरून उभी राहिले.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, खोकल्यामुळे बाहेरच होत्या. जिन्याजवळच्या बाकावर बसून राहायच्या. आठवड्यात त्यांचा खोकला गेला. डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, मास्क लावून, हात धुऊन आईला पाच मिनिटं सोडायला हरकत नाही.

मी आत्यांना ते सांगितलंच नाही. त्या आत गेल्या असत्या तर सगळी भावकी मागे रांग लावून उभी राहिली असती, आणि मला कुणालाच अडवता आलं नसतं. मला त्या माणसांची भीती वाटत होती.

त्या दुपारी यांनी विचारलं, "आय आलीय न्हवं? मग आत का येत न्हाय?"

मी म्हटलं, "आत्यांचा खोकला अजून गेला न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना थंडी वाजून ताप भरला. दुपारी आयसीयू, संध्याकाळी व्हेंटिलेटर. डॉक्टरांनी सांगितलं, सेप्सिस झालाय, म्हणजे जंतू रक्तात पसरलेत. मी विचारलं, कुणाकडून आले? बहुतेक कुणाकडूनच नाही, ते म्हणाले. ते यांच्याच आतड्यातले असावेत, एरवी पेशी त्यांना थोपवून धरतात. मी ज्या जंतूंना अडवायला दार धरून उभी होते ते आधीपासून आतच होते.

आत्यांना तेव्हा आत सोडलं. यांना काही कळत नव्हतं. त्या हात धरून बसल्या. तिसऱ्या दिवशी हे गेले.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दार बंदच ठेवा. लोकांना रागवू द्या. पण डॉक्टर ज्याला सोडा म्हणतील त्याला सोडा, मागे रांग लागली तरी. मी ते केलं नाही.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. आत्या आणि मी दोघीच उरलो. मला राहवेना. मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले होते, मी काय लपवलं, यांना काय खोटं सांगितलं.

आत्या गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला म्हाईत हुतं की. नर्सबाईनं त्याच दिशी सांगितलं. पर मी गेले असते तर मागनं समदेच शिरले असते. तू एकटी किती जणास्नी अडवणार हुतीस? म्हनलं, ऱ्हाऊदे. बरा झाला की डोळं भरून बघंन."