वेगळा डबा

घराण्याच्या कबरीसमोरच्या अंगणात निळी ताडपत्री अंथरली, की ऐंशीच्या उतोमामीच्या जिभेला धार चढायची, आणि पहिला वार पोटच्या मुलावर. "अरे मोरिनोबु, पन्नाशी आली तरी पाय कसले पसरतोस? पणजोबांना लाथ मारतोस की काय! ...आणि ह्या बघा, आल्या आमच्या मडम!"

मडम म्हणजे सुमिए. साठी उलटलेली, नाहा शहराच्या बाजारात माशाची भजी तळणारी. नाकडोळे आईचे, पण केस तांबूस, कुरळे आणि गालभर तपकिरी ठिपके. ती बेटावरच्या अमेरिकन लष्करी तळावरच्या कुणा शिपायाची देणगी. तो पोरीचं तोंड न बघताच मायदेशी गेला. शाळेत मुलं "अर्धी! अर्धी!" करत मागे लागायची. विशीत सुमिए चर्चला जायला लागली. बापाचं नाव नाही मिळालं, निदान त्याचा देव तरी पुरता आपला असावा, एवढाच हिशेब. पाद्रीबाबा घसा खाकरून, एकेक शब्द चावत म्हणाले होते, "मृतांपुढे... माथा... टेकवू नये हं, सुमिएबाई." माथ्याचं ते बोलले होते. जेवणाचं तिनं पदरचं जोडलं.

कारण वसंतातल्या शिमीला, पूर्वजांच्या सणाला, जेवणच तर असतं! सगळ्यांनी कबरीशी जमायचं, डुकराच्या मांसाचे, तळलेल्या टोफूचे, समुद्री शेवाळाच्या गाठींचे डबे पूर्वजांपुढे उघडायचे, उदबत्ती लावायची आणि मग तेच त्यांच्या संगतीनं मिटक्या मारत खायचं. सुमिए यायची, पण लांब झाडाखाली छत्री उघडून विकतचा भाताचा गोळा खात बसायची. आई, कामादो, दरवर्षी एक छोटा डबा घेऊन तिच्यापर्यंत चालत यायची.

"खा गं."

"आई, भुतांचं उष्टं मी खात नाही."

हे ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, ताडपत्रीपर्यंत पोहोचेल असं. आई डबा रुमालात बांधून परत न्यायची.

गेल्या हिवाळ्यात आई वारली. आता तीही त्याच कबरीत होती.

यंदाही मामीनं कबरीपुढे हात जोडून नाकातल्या सुरात यादी लावली. "सगळ्यांना सांभाळा. मोरिनोबुला बायको मिळू द्या, थोडी बहिरी असली तरी चालेल, घोरतो मेला." मंडळी खिदळली. डबे फिरू लागले. सुमिए झाडाखाली होती. कुणी येतंय का, म्हणून आपण सारखे तिकडे बघतोय, हे तिच्या ध्यानात आलं. शेवटी थट्टेचा आव आणून तिनं हाक मारली, "मामी, यंदा तो उष्ट्याचा डबा नाही वाटतं?"

मामीचा घास हातातच राहिला.

"उष्ट्याचा? अगं, तो डबा वन्संनी कबरीपुढे कधी उघडलाच नाही. घरी आधी तुझा भरायच्या. चुलीच्या देवालासुद्धा दाखवायच्या नाहीत. मी भांडायचे, 'अहो वन्सं, पूर्वजांच्या आधी पोरीला?' तर म्हणायच्या, 'पूर्वज आपलेच आहेत, समजून घेतील. तिच्या देवाचा मला भरवसा नाही.'"

"मग मला कधी सांगितलं का नाही?"

"मीही तेच म्हणायचे. तू तिथं घसा ताणून 'भुतांचं उष्टं' म्हणायचीस आणि ह्या गुमान परत यायच्या. म्हणायच्या, आता सांगितलं तर चारचौघांत पोर खोटी पडेल. घरी जाऊन गारढोण जेवण एकट्या संपवायच्या."

सुमिएचे कान तापले. तळणीसमोर उभं आयुष्य काढलं, पण अशी धग कधी लागली नव्हती. आई त्या झाडापर्यंत गुडघे दाबत यायची, हे आत्ता तिला आठवलं. आपण छत्रीसुद्धा बाजूला केली नव्हती.

ती उठली. ताडपत्रीवर माणसं सरकली, जागा झाली. मामीनं मांसाचा तुकडा पुढे केला. "घे, मडमे." सुमिएला हात पुढे करवेना. तिनं पिशवीतला भाताचा गोळा काढला, न उष्टावलेला, आणि कबरीच्या पायरीवर ठेवला.

"ताई, नैवेद्य दाखवलास?" मोरिनोबुनं डोळे विस्फारले.

"नाही रे. आईसाठी वेगळा काढून ठेवलाय."

तिची मान खाली गेली. ती काही प्रार्थनेसाठी नव्हे. वर करायला तोंडच उरलं नव्हतं.