समोरच्या घरातली बाई
ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळावर राखेचा क्रूस काढला की त्या राखेतल्या जळलेल्या झावळ्यांचा वास येतो आणि मला जुईनगरच्या याच घरातला तो उपवासकाळ आठवतो. मला सातवा महिना होता, नवरा जहाजावर नोकरीला आणि फ्लॅटमध्ये मी एकटी. देवा, आम्हा दोघांना सांभाळ, एवढंच रोज चर्चमध्ये मागायची. समोरच्या घरात मराठवाड्याकडची एक बाई नवीन राहायला आली होती. ती दिवसातून दोनदा बेल वाजवायची. कधी कढीपत्ता हवा, कधी पाणी आलं का, आणि बोलताना नजर मात्र माझ्या खांद्यावरून आत. मी एकटी आहे हे हिने हेरलंय, असं माझ्या मनाने घेतलं. मी दार साखळीपुरतंच उघडायची. एका शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाची, क्रूसाच्या वाटेची भक्ती करून परतले, तर ती खाली वॉचमनला विचारत होती, "त्या ताई आल्या का परत?" माझं डोकंच फिरलं. "माझ्यावर पाळत कशाला ठेवता हो तुम्ही?" ती गोरीमोरी झाली. मग हळूच म्हणाली, "मी पण एकटीच होते ताई, सातव्या महिन्यात. बाथरूममध्ये पडले, दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला कळलंच नाही. बाळ गेलं. म्हणून बघून जाते." वर जाऊन मी घराची दुसरी किल्ली तिच्या हातात ठेवली. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात कळा सुरू झाल्या, मला उठवेना, तेव्हा कुलूप उघडून तीच आत आली. आता मुलगी आठवीत आहे. देव खरंच राखतो का, असं परवा तिने विचारलं, तेव्हा मी तिला समोरच्या मावशीकडे पाठवलं.