तीन वेळा लावलेला पाय

तुमच्या लेकराची कंबर महिनाभर दुखत राहिली, तर तुम्ही आधी डॉक्टरकडे जाल की गल्लीतल्या पायाळू माणसाकडे?

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, एवढंच. पण आमच्या पालममध्ये एवढ्यावर माणसाचं औषध करून टाकतात. कुणाला उसण भरली की मला बोलावणं येतं. दुखणारा पालथा झोपतो, मी काही न बोलता दुखऱ्या जागी तीन वेळा पाय लावते आणि चहा पिऊन घरी येते.

माझे वडील शिक्षक. आमच्या घरी कपाटात कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त असायची. अंगात येणं, भानामती, लिंबू-मिरची, सगळ्यांविरुद्ध. सोनपेठच्या आठवडी बाजारात मी ती शाळेत असल्यापासून वाटली. "सकाळी पत्रकं वाटती अन् दुपारी पाय देती," शेजारचे काका चिडवायचे. मीही हसायचे. त्यात काय बिघडतं, असं मलाही वाटायचं.

समोरच्या घरातली मुलगी दहावीत होती. शाळेच्या खो-खो संघात होती, उर्मट होती आणि माझी लाडकी होती. दिवाळीनंतर तिची कंबर उजवीकडे दुखायला लागली. खेळताना लचकली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. तिची आई, मी तिला मावशी म्हणायचे, रविवारी मला घेऊन गेली.

"ताई, लचक न्हाई ही," मुलगी म्हणाली. "मी पडलेच न्हाई. आतून दुखायलंय."

"गप पालथी हो," मावशी म्हणाली. "अभ्यास टाळायला बहाणे लय येतात हिला."

मी पाय लावला. पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मध्ये एका डॉक्टरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं, वाढतं वय आहे म्हणाला. त्याने तिला तपासणीच्या टेबलावर झोपवलंसुद्धा नाही. शाळेतल्या बाईंनी परीक्षेचं टेन्शन म्हटलं. ती मात्र प्रत्येकाला एकच सांगत होती, आतून दुखतंय. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हाडातलं कळतं, हे मान्य करायला आमच्यापैकी एकही मोठा माणूस तयार नव्हता.

ती लंगडायला लागली तेव्हा तीन महिने गेले होते. मग एसटीने परभणी, एक्स-रे, आणि तिथून मोठ्या शहरातलं रुग्णालय. कमरेच्या हाडाचा कर्करोग, बहुतेक लहान वयातच होणारा आणि क्वचित आढळणारा. तो फुप्फुसांत पोचला होता. आधी आणलं असतं तर वाचली असती का, असं मी विचारलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोटा धीर दिला नाही आणि खोटा दोषही दिला नाही. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण उपचाराला वेळ मिळाला असता." तो वेळ तिचा होता. आम्ही तो रविवारी-रविवारी तुडवला.

उपचारांनी केस गेल्यावर ती मला म्हणाली, "ताई, तुझ्या पत्रकात पायाळूचं न्हवतं का गं?"

नव्हतं. पत्रकात भोंदूबाबा होते, दूरच्या गावचे. आपल्या माणसांची प्रेमाने केलेली चूक छापायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आता छाप. अन् इंजेक्शनवाल्याचं पण."

दहावीची परीक्षा तिने दिली नाही. श्रावणात ती गेली. लोक म्हणाले, नशीब. कुणी म्हणालं, खेळताना नजर लागली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांची कंबर धरली आणि ते मला न्यायला आले.

"काका, एक्स-रे काढा," मी म्हणाले.

"लय शहाणी झालीस. मला काय कॅन्सर हाय का?"

"तिला तरी कुठं होता? आमी म्हणत होतो ना, लचक हाय म्हणून."

ते रागावून गेले. अजून बोलत नाहीत. नाही तर नाही.

हे तिने सांगितलेलं पत्रक आहे असं समजा. तुमच्या घरातलं मूल हाडात दुखतंय म्हणत असेल, दोन-तीन आठवडे होऊनही ते थांबत नसेल, किंवा त्या दुखण्याने ते झोपेतून उठत असेल, तर त्याला उद्याच दवाखान्यात न्या. डॉक्टर नुसतं इंजेक्शन द्यायला लागला, तर खुर्चीवरून उठू नका. तपासा म्हणा, एक्स-रे काढायचा का ते विचारा. आणि लेकराला आज, आत्ता, जवळ बसवून विचारा, नेमकं कुठं दुखतंय. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.