नुसतं बघायचे पैसे

आमच्या गल्लीत कुणाचा एसी बिघडला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, बघायला फुकट येतो का? मशीन दुरुस्त होईल का, कितीत होईल, हे सगळं नंतर. जो मिस्त्री बघायचे पैसे मागतो तो लुटारू आणि जो 'व्हिजिट फ्री' म्हणतो तो देवमाणूस, असा सरळ हिशेब. मीही याच गल्लीत वाढलेली, तेव्हा गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझं मत काही फार वेगळं नव्हतं.

पण गेल्या उन्हाळ्यात आमचा एसी बिघडला तेव्हा प्रश्न नुसत्या गारव्याचा नव्हता. माझ्या वडिलांनी सोलापुरात राहायचं की नाही, हे त्या एसीवर अडकलं होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते रेल्वेत होते, बरीचशी नोकरी होटगीला, रुळांवर, उघड्या उन्हात. उन्हाला भ्यायचं असतं हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. हिवाळ्यात त्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, की उन्हाळ्यात यांना गार खोलीत ठेवा, ऊन अजिबात लागू देऊ नका. माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. तो दवाखान्यातच म्हणाला, "अक्का, मी अण्णांना घेऊन जातो." अण्णा म्हणाले, "मी न्हाय येत." दोघंही एकाच हट्टी मातीचे. शेवटी मी मध्ये पडले आणि तोडगा निघाला. अण्णांच्या खोलीत चार वर्षांपूर्वी घेतलेला एसी आहे, तो चालतोय तोवर अण्णा सोलापुरात. खोली तापली की पुणं.

पुणं वाईट आहे असं कोण म्हणतंय? भावाचा फ्लॅट चांगला आहे, आणि भावजय माझ्यापेक्षा कितीतरी गोड बोलते. पण अण्णांची सकाळ म्हणजे विहारातली वंदना, मग बाहेरच्या कट्ट्यावर रिटायर झालेली चार टाळकी, जय भीम, चहा, आणि आपल्यावाचून रेल्वेचं कसं वाटोळं झालं यावर चर्चा. मागं एकदा ते पंधरा दिवस पुण्याला राहून आले. आल्यावर मला म्हणाले, "तितं समदी मला काका म्हणत्यात. माझं नाव कुणाला ठावंच न्हाय." तक्रारीच्या सुरात म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, म्हणून मला लागलं.

मी शाळांचे युनिफॉर्म शिवते. घराजवळच माझा छोटा कारखाना आहे, थोड्या मशिनी, कामाला बायका. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी, पाणी प्यायला सवड नसते. अशातच एका दुपारी अण्णांचा फोन आला, "एसी नुसता वारा टाकतोय बघ, गार काय न्हाय." मी हातातली कात्री टाकून घरी पळाले. वरती स्लॅब, बाहेर वैशाखातलं सोलापूर, आणि खोलीत अण्णा छातीवर ओला पंचा घेऊन बसलेले. मला म्हणाले, "एवढं काय न्हाय गं, बरं हाय." त्यांच्या चेहऱ्यावरून घाम निथळत होता.

शेजारच्या मावशी लगेच नंबर घेऊन हजर. "ह्यो बघायला कायबी घेत न्हाय. आमच्याकडं ह्योच येतो की." मी फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं साखरेसारखं. रिमोट दाबला, हवेखाली हात धरला, गच्चीवर जाऊन बाहेरचं युनिट बघून आला. मी चहा टाकला होता, तो उकळायच्या आत त्याचं बघून झालं.

"ताई, गॅस गेलाय. कॉम्प्रेसर पण संपल्यात जमा आहे. सगळं मिळून अठरा हजार. नाहीतर नवीनच घ्या, जुना मी उचलतो."

"गॅसचे किती, कॉम्प्रेसरचे किती, मजुरी किती?" मी विचारलं.

"तुम्ही टोटल बघा की, ताई."

"आणि गॅस गेला कुठून? गळतोय कुठं ते दाखवा."

"ते काम काढल्यावर कळतं."

"कॉम्प्रेसरची तर दुकानदारानं दहा वर्षांची हमी दिली होती."

"ते सगळं कागदावर असतं हो," म्हणत त्याने चहा संपवला आणि संध्याकाळपर्यंत कळवा म्हणून गेला.

आता मला कुणी एसीतलं विचारलं तर मी काय सांगणार? पण कोटेशन कशाला म्हणतात ते मला विचारावं. माझं अर्धं आयुष्य शाळांना कोटेशन देण्यात गेलंय. कापड वेगळं, शिलाई वेगळी, बटणं वेगळी, खिशावरचा बिल्ला वेगळा, असं मी मांडून देते. 'सगळं मिळून' एक आकडा सांगणारेही आमच्या धंद्यात आहेत, आणि त्या आकड्याच्या पोटात काय काय झोपलेलं असतं ते मला पाठ आहे. मुलांची मापं घ्यायला मीसुद्धा शाळेत फुकट जाते. माझ्या जाण्या-येण्याचं पेट्रोल शर्टाच्या बटणांत बसवते. धंदा आहे, मी काय धर्मशाळा उघडलेली नाही. मग हा माणूस उन्हातान्हात आमच्या गच्चीवर चढला, तो काय माझ्या चहासाठी? बघायचे पैसे मिळणार नसतील तर त्याला काहीतरी सापडायलाच पाहिजे. सगळं ठीक आहे असं सांगितलं तर तो उपाशी. आवळा देऊन कोहळा काढायची ही तऱ्हा माझ्या चांगली ओळखीची होती.

तरी सांगते, मी अठरा हजार कुठूनही आणून भरले असते. पण भरूनही खोली गार झाली नाही तर?

भाऊ रोज संध्याकाळी फोन करतो. त्याच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "अक्का, बास झालं आता. एवढ्या उन्हात तू त्यांच्या जिवाशी खेळू नकोस. मी शनिवारी गाडी घेऊन येतो." फोन स्पीकरवर होता. अण्णांनी सगळं ऐकलं. उठले, कॉटखालून बॅग ओढली, पंच्यानं पुसली आणि कपाटातले शर्ट काढून एकेक घडी करायला लागले. माझ्याशी भांडले असते तर बरं झालं असतं. मी सैपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडले आणि मग मला असला राग आला म्हणता, की रडूच थांबलं.

माझ्या कारखान्याला मशिनी विकणाऱ्या माणसाकडून मी दुसरा एक नंबर मिळवला. गावातला जुना मिस्त्री, स्वतःचं दुकान. फोनवरच त्याने सांगितलं, "बघायचे पाचशे पडतील."

"पाचशेत काय काय बघणार?" मी विचारलं.

"आतलं, बाहेरचं, करंट, गॅसचं प्रेशर. सगळं मीटर लावून."

"काम तुमच्याकडूनच केलं तर पाचशे बिलातून वजा?"

"वजा. नाही केलं तर ते माझे."

"गॅस भरावा लागला तर?"

"आधी गळती दाखवीन, ती बंद करीन, मग भरीन. नुसता भरला तर महिन्यात परत जातो."

"आणि प्रत्येक कामाचा आकडा वेगळा पाहिजे. आधी आकडा, मग हात लावायचा."

तो म्हणाला, "ताई, एसी दुरुस्तीला बोलावताय का मुलीसाठी स्थळ बघताय?"

घरी मात्र शिमगा झाला. मावशी म्हणाल्या, "नुसतं बघायचं पाचशे? डोळं काय सोन्याचं हायत काय त्येचं?" अण्णांना तर पैसे वाया चालले याचंच दुःख, "जायाचंच हाय तर कशाला खर्च करतीस?" मी म्हटलं, "डॉक्टरनं तुमची छाती नुसती बघायचेच पैसे घेतले होते ना? तेव्हा तुम्ही फुकटातला डॉक्टर का नाही शोधला?" मावशी जाताना पुटपुटल्या खऱ्या, पण त्या पुटपुटल्याशिवाय कधीच जात नाहीत.

मिस्त्री शुक्रवारी न कळवता ऐन दुपारी आला. घामाघूम, कपाळाला आठ्या, पाणीसुद्धा नको म्हणाला. मी दार उघडलं तसा सरळ जिना चढून गच्चीवर गेला. थोड्या वेळात वरून त्याचा आवाज आला, "ताई, वर या जरा. याला पांघरूण कुणी घातलंय?"

मी वर गेले. बाहेरच्या युनिटला आमची जुनी सोलापुरी चादर चारी बाजूंनी गुंडाळलेली, वर दगड ठेवलेले, बाळंतिणीला गुंडाळावं तशी.

माझ्या मागोमाग अण्णा जिन्यात येऊन उभे होते. "मीच घालतो," ते म्हणाले. "ऊन केवढं हाय. त्येलाबी ऊन लागतंय की. सकाळी पाणी मारून टाकतो आन् दिवस कलला की काढतो."

"तुम्हाला ऊन चालत नाही, आणि तुम्ही गच्चीवर येऊन मशिनीला चादर घालताय?" मी ओरडलेच.

"दुपारी न्हाय गं, सकाळच्या पारी."

"आणि त्या दिवशी तो पहिला आला तेव्हा?"

"तवा काढली हुती. मळकी चादर, पाव्हण्याला दिसाय नगं."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "चाचा, हे मशीन खोलीतली गरमी बाहेर टाकतं. तुम्ही त्याचं नाकच दाबून धरलंय. ते तापतं आणि बंद पडतं." मग त्याने मला युनिटच्या मागची जाळी दाखवली. तिच्यावर लाल-हिरव्या तुसाचा जाड थर बसला होता, चादरीचाच. चादर काढली तरी तो थर तिथंच असणार होता. पहिल्या माणसाच्याही डोळ्यांसमोर तो होताच. पण त्याला बघायचे पैसे नव्हते, मग त्याने बघितलंच नाही.

मिस्त्रीने मीटर लावले. कॉम्प्रेसर ठणठणीत. कॉम्प्रेसर सुरू करून देणारा एक छोटा कपॅसिटर तेवढा तापून फुगला होता. धुण्याचे इतके, कपॅसिटरचे इतके, बसवायची मजुरी इतकी, असं त्याने आधी सांगितलं, मी हो म्हटलं, मग त्याने हात लावला. काम झाल्यावर मशीन चालवून बघितलं, तर गॅसही पुरेसा निघाला. जाताना वर्षभराच्या सर्व्हिसचा करारही गळ्यात मारायला बघत होता. मी म्हटलं, त्यात काय येतं, काय येत नाही ते लिहून आणा, मग बोलू. तो हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं हसू.

खोली गार व्हायला फार वेळ लागला नाही. उघड्या अंगानं बसलेले अण्णा जरा वेळाने म्हणाले, "पोरी, माझा शर्ट दे गं." शर्ट बॅगेत होते. मी बॅगच पालथी केली, सगळे शर्ट कपाटात परत लावले आणि एक त्यांच्या अंगावर टाकला. आयुष्यात मी मोठमोठ्या शाळांच्या ऑर्डरी मिळवल्यात, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता. मी चक्क गाणं गुणगुणत कारखान्यात गेले, तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

शनिवारी दुपारी भाऊ आला, चेहरा काळजीने आंबलेला. अण्णांच्या खोलीत शिरला आणि दारातच थबकला. अण्णा पुरे कपडे घालून, पायात मोजे चढवून पेपर वाचत होते.

"अठरा हजार दिलेस?" त्याने मला विचारलं.

"जेवढे दिले तेवढ्यात तुझं पेट्रोल आणि टोलसुद्धा भागला नसता," मी म्हटलं. हे वाक्य मी आदल्या दिवसापासून तोंडात धरून बसले होते.

"मग झालं काय होतं?"

अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

"हवा कोंडली होती," मी म्हटलं. "आता मोकळी झाली."

भावाने मग पाचशेपासून सगळं खोदून खोदून विचारलं, आणि मी मीठमसाला लावून सांगितलं, चादर तेवढी वगळून. भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी ओरपून तो त्याच गार खोलीत अण्णांशेजारी जो झोपला तो घोरायलाच लागला. अण्णा त्याच्याकडं बघत बसले होते. उठल्यावर त्याने बॅगेचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

ऊन उतरल्यावर तो निघाला. अण्णा त्याला सोडायला फाटकापर्यंत आले. कट्ट्यावरच्या एकाने लांबूनच अण्णांना नावानं हाक मारली, त्यांनी हात वर केला. मग गाडीच्या काचेत वाकून भावाला म्हणाले, "पाऊस लागला की येतो तुझ्याकडं. आठ दिस. पाव्हणा म्हणून."

"पाहुणे कसले, अण्णा? ते घर तुमचंच आहे."

"व्हय की," अण्णा म्हणाले, "पर मी ऱ्हातो हितं."