ग्लोबली पास

आमच्या चाकणच्या कंपनीत नवे साहेब आले आणि त्यांच्याबरोबर ‘ग्लोबली’ आलं. अर्थ सोपा, जगभर. वापर मात्र साहेबांचा खास. चहाची सुट्टी कमी केली, कारण ग्लोबली तेवढीच असते. खुर्च्या काढल्या, ग्लोबली. तो शब्द आला की मीटिंग संपली, कुणी तोंड उघडायचं नाही. मला त्या शब्दाचा भयंकर राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मी गाड्यांच्या ब्रेकजवळचे लोखंडी भाग तपासते. आधी माप तपासणारं गेज लावायचं, मग हातमोजा काढून अंगठा कडेवरून फिरवायचा. कापताना राहिलेला बारीक काटा डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागतो. माझ्या आधीच्या बाईंनी माझा अंगठा हातात धरून मला हे शिकवलं होतं. साहेबांनी ते बंद केलं. ग्लोबली फक्त गेज.

एका दुपारी ट्रक भरत होता. गेजवर सगळा माल पास. मी सवयीनं अंगठा फिरवला आणि रक्त आलं. दुसरा तुकडा घेतला, तेच. हा भाग ब्रेकच्या नळीला खेटून बसतो. नळी चिरली तर ब्रेक लागत नाही, आणि गाडीत माणसं असतात. मी ओकेच्या टॅगवर सही केली नाही.

साहेब तरातरा आले.

“मॅडम, ग्लोबली हा पार्ट असाच पास होतो.”

“सर, ग्लोबली म्हंजी कुठं कुठं?”

“सगळीकडे. पूर्ण जगात.”

“मग आमचं चाकण त्यात हाय का न्हाई? हितं तर बोट कापतंय.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेब लाल झाले. “सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका,” म्हणाले. मी कंत्राटी, त्यांच्या एका फोनवर घरी बसले असते. तरी टॅग त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन हातात दिलं.

“तुमी करा सही, सर. नाव नीट लिवा.”

त्यांनी पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. टॅगवर सहीला एकच रेघ असते. तिथं जग मावत नाही, एका माणसाचं नाव लागतं. शेवटी त्यांनी तुकडा उचलला, स्वतःचा अंगठा फिरवला, हात झटकला.

“माल उतरवा,” ते ड्रायव्हरला म्हणाले, आणि पेन खिशाला लावून निघाले.

पेन माझं होतं. मी सगळ्यांसमोर मागून घेतलं.