उत्तरेची वळचण

आमच्या ऑल्डरस्टोक गावात चर्च दोन आहेत आणि माणसं जेमतेम एकाला पुरतील एवढी. एक वर टेकडीवर, मनोरा आणि घंटा असलेलं. दुसरं खाली नदीकाठी, बुटकं आणि बसकं, धुकं पडलं की अख्खं दिसेनासं होणारं. खालचं जुनं. कधीकाळी साथीला आणि पुरांना कंटाळून लोक टेकडीवर राहायला गेले, लोकरीच्या एका व्यापाऱ्याने तिथे नवं चर्च बांधलं आणि खालची घंटा बैल जुंपून वर नेली. वरचे म्हणतात, तुम्ही ती दिलीत. खालचे म्हणतात, तुम्ही ती नेलीत. या गोष्टीला काही शतकं झाली, पण सफरचंदाच्या दारूचे दोन पेले पोटात गेले की कुणीतरी घंटेचा विषय काढतोच. मी वरच्या आळीची मुलगी, खालच्या आळीत दिलेली. त्यामुळे या घंटेपायी मी दोन्हीकडची बोलणी खाल्ली आहेत.

एव्हिस ट्रॉटमन खालच्या चर्चची होती. तिला कुणी तिथे नेमलं नव्हतं. पण वेदीवरचं कापड तीच धुवायची, झाडलोट तीच करायची, आणि वटवाघळं आत शिरली तर त्यांना झाडूने आणि शिव्यांनी तीच हाकलायची. नवरा वॉल्टर गोठ्यावर कामाला होता, तो वारला होता. मूलबाळ नव्हतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. लहानथोर तिला मावशीच म्हणत. जीभ मात्र तिखट. लग्नानंतर मी पहिल्यांदा केक करून तिच्याकडे नेला, तर तिने तो हातात तोलला आणि म्हणाली, "छान झालाय हं मर्से. वरच्या चर्चचं बांधकाम असल्याच विटांचं असेल."

तिची एक गोष्ट मात्र गावाला कळायची नाही. पाऊस लागला की ती डोक्यावर गोणपाट घ्यायची आणि चर्चच्या उत्तरेला जाऊन उभी राहायची. उत्तरेची बाजू आमच्याकडे कुणी वापरत नाही. तिकडे ऊन येत नाही, थडगी नाहीत, नुसतं गवत, आणि हिवाळा सरता सरता भिंतीशी उगवणारी पांढरी फुलं. छपराच्या वळचणीतून पागोळ्या गळत असायच्या आणि ही त्यांच्याकडे बघत असायची. नवी नवरी असताना मी तिला पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा धुक्यात चर्च दिसत नव्हतं, नदी दिसत नव्हती, फक्त पाण्याचा आवाज आणि ती. मला वाटलं, ही बाई या जगातली नाही, चर्च बांधायच्या आधीपासून ही इथेच उभी आहे. अजूनही तिची आठवण आली की ती मला तशीच दिसते.

दक्षिणेच्या वळचणीला पन्हळ होती. उत्तरेला दोनदा लावून झाली होती. एकदा वादळात पडली. एकदा नुसतीच पडली. या नुसतीच पडण्याला माझा नवरा क्लेम फार हसायचा, कारण पन्हळ त्यानेच लावली होती, आणि पडली तेव्हा तिचे खिळे भिंतीशी नीट रचून ठेवलेले सापडले होते.

दुसरं महायुद्ध संपून वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्याकडे फेनिमोर नावाचे नवे पाद्री आले. दोन्ही चर्च त्यांच्याकडेच, एक रविवार वर, एक रविवार खाली. सुगीची प्रार्थना झाल्यावर त्यांनी सांगितलं, "खालच्या चर्चची उत्तरेची भिंत पार हिरवी झाली आहे. आतला गिलावा सुटतोय. थंडीच्या आत पन्हळ लावून घेऊ. क्लेम, जमेल ना?"

"जमेल, साहेब," क्लेम म्हणाला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "त्या बाजूला पन्हळ नको."

"का बरं, मिसेस ट्रॉटमन?"

"भिंतीला सवय झालीय."

सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी क्लेमने शिडी लावली, तोवर मावशी विणकाम घेऊन खालच्या पायरीवर बसलीसुद्धा. क्लेम गरीब स्वभावाचा. त्याने थोडी विनवणी केली आणि सरळ मला बोलवायला घरी आला. "तूच बघ बाई. म्हातारीला उचलून बाजूला ठेवणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही."

मी पिठाच्या हातांनी तणतणत गेले.

"मावशी, हे काय मांडलंय? भिंत गेली की छप्पर जाईल. मग बसा उघड्यावर प्रार्थना म्हणत!"

"जाऊ दे."

"जाऊ दे? या चर्चसाठी जन्म घातलात ना तुम्ही?"

तिच्या सुया थांबल्या. "चर्चसाठी कोण जन्म घालतंय, मर्से? इथं माझं पोर आहे."

मग ती सांगत गेली, विणकामाकडे बघत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला मुलगा झाला, पण त्याने श्वासच घेतला नाही. तेव्हाच्या पाद्र्यांनी सांगितलं, बाप्तिस्म्याचं पाणी जिवंताच्याच डोक्यावर घालतात. ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याला नाव नाही, प्रार्थना नाही, चर्चच्या आवारात थडगं नाही. संध्याकाळी वॉल्टरने पोराला सफरचंदाच्या पेटीत ठेवून आणलं आणि या भिंतीशी, पांढरी फुलं येतात तिथे, वळचणीच्या बरोबर खाली पुरलं. तिच्या सासूने तसं करायला सांगितलं होतं. जुने लोक असंच करायचे म्हणे. चर्चच्या छपरावरून ओघळलेलं पाणी पवित्र होऊनच खाली येतं. ते अंगावर पडत राहिलं की बाळाचा बाप्तिस्मा होतो.

माझा राग कुठल्या कुठे गेला. "मग झाला की हो तो केव्हाच," मी म्हणाले. "इतकी वर्षं पाऊस पडतोय."

"कशावरून झाला? किती पाणी लागतं ते सासूने सांगितलं नाही, आणि मी विचारायच्या आत ती गेली. पाद्री ओंजळभरच घेतो, पण तो प्रार्थना म्हणतो. इथं म्हणणारं कोण आहे? नुसतंच पाणी. मग जास्तच लागत असणार ना?"

मी पिठाचे हात एप्रनला पुसत राहिले.

"पन्हळ लागली की थेंब पडायचा नाही त्याच्यावर," ती म्हणाली. "मग तो कायमचा तसाच राहील, बिननावाचा. माझे दिवस भरत आलेत, मर्से. तिकडे गेल्यावर मी त्याला हाक काय म्हणून मारू?"

मी तिच्या शेजारी गवतात बसले आणि रडले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या पाद्र्याला बोलायचं नाही हं."

"चांगले आहेत ते, मावशी."

"आधीचेही चांगलेच होते."

पाद्र्यांना मी नाही सांगितलं. क्लेमला सांगितलं. आम्ही जेवत होतो, पाव, चीज आणि व्हिनेगरमधले कांदे. ऐकता ऐकता तो खायचा थांबला, मग उठला आणि अवजारांच्या खोलीत गेला. मला त्याची चीडच आली. इकडे मी मावशीच्या पोराचं सांगत होते आणि याला पन्हळ सुचत होती.

सकाळी मावशी परत शिडीवर. क्लेम तिच्यापुढे टोपी काढून उभा राहिला.

"मावशी, मला एकदा लावू दे. नाही पटलं तर खिळे कुठे रचून ठेवायचे ते तुला माहीत आहे."

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड बघून तिला कळलं असणार की मी बोलले आहे. "क्लेम्या, चुकलास तर तुझीही हाडं रचून ठेवीन," असं म्हणून ती उठली.

दुपारपर्यंत काम झालं. पाद्री बघायला आले आणि मान वर करून उभे राहिले. पन्हळ भिंतीच्या दोन्ही टोकांकडून आली होती, उतरती, आणि पांढऱ्या फुलांच्या जागेवर येऊन थांबली होती. दोन तोंडांच्या मधे पाळण्याएवढी जागा मोकळी होती. दोन्ही तोंडं क्लेमने भिंतीपासून दूर, पुढे काढली होती, आणि खाली फुलांच्या जागेच्या पलीकडून नदीपर्यंत दगडी चर काढला होता.

"हे मधेच असं का, क्लेम?"

"पन्हळ कमी पडली, साहेब."

"मग आणखी आणू या."

"त्या मापाची आता मिळत नाही."

आयुष्यात माझा नवरा एवढं धडधडीत खोटं कधी बोलला नव्हता, आणि खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. पाद्र्यांनी त्या लाल कानांकडे पाहिलं. मग वरच्या मोकळ्या जागेकडे, तिच्या खालच्या गवताकडे, आणि मावशीच्या हातातल्या गोणपाटाकडे.

"भिंत कोरडी राहील?" त्यांनी विचारलं.

"राहील, साहेब."

"मग असू दे."

मोठा पाऊस नोव्हेंबरात आला. सकाळपासून नदीवर धुकं होतं, टेकडी नाहीशी झाली होती, वरच्या चर्चची घंटा वाजली ती जणू पाण्याखालून. मी आणि क्लेम गेलो तेव्हा मावशी डोक्यावर गोणपाट घेऊन नेहमीच्या जागी उभी होती. आधी थेंब थेंब पडलं. मग छप्पर भरलं, आणि उत्तरेच्या अख्ख्या उताराचं पाणी दोन्ही पन्हळींतून धावत आलं आणि त्या एकाच जागी कोसळायला लागलं. इतक्या वर्षांच्या पागोळ्या एकीकडे आणि ते एकदम आलेलं पाणी एकीकडे. फुलांच्या जागेचं गवत आडवं झालं. मावशीने तोंडावर हात घेतला.

भिंतीच्या कोपऱ्यावर पाद्री उभे होते. ते कधी आले ते आम्हांला कळलं नव्हतं. टोपी हातात, केस निथळत होते आणि ओठ हलत होते. आवाज पावसात ऐकू येत नव्हता. ते काय म्हणत होते ते मी त्यांना कधीच विचारलं नाही.

मावशीनेही त्यांना पाहिलं. त्यांचे ओठ थांबेपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने डोक्यावरचं गोणपाट काढलं, गुडघे टेकून त्या पाण्यात बसली आणि ते गोणपाट गवतावर पसरून चारी बाजूंनी नीट खोचलं.

"पुरे आता, टोबी," ती म्हणाली. "भिजशील."